बसा ना, उभे का?

मराठी माणूस जे काही करतो ते बसून करतो, हे मला बसता येईनासं झाल्यावर कळलं. दुकान कुणी चालवत नाही, दुकानावर बसतात. लग्न ठरवायचं तर बैठक होते. धंद्यात जम बसतो आणि नाही बसला तर धंदाच बसतो. कुणाच्याही घरी जा, चपला काढायच्या आधी आतून आवाज येतो, "या, बसा." गेल्या वर्षापासून मी उभा आहे.

पनवेलच्या जुन्या बाजारात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. पंखे, वायरी, बल्ब, होल्डर. वडील ज्या फिरत्या खुर्चीवर बसायचे तिच्यावरच मी बसायचो. एका सकाळी बसलो आणि वाटलं, कुणीतरी खुर्चीवर तापलेली इस्त्री विसरून गेलंय. उठून पाहिलं तर इस्त्री नव्हती. पुन्हा बसलो, इस्त्री होती. उभं राहिलं की जायची, आडवं झालं की जायची, टेकलं की हजर. पुढे पुढे तर टेकायचा विचार केला तरी ती प्लग शोधायला लागायची.

गंमत म्हणजे कमोडवर बसलं की अजिबात दुखत नसे. म्हणजे अख्ख्या घरात मला सुखाने बसता येईल अशी एकच जागा उरली, आणि तिथे पाहुण्यांना बोलावता येत नाही. पेपर तिथे, फोन तिथे, एकदा चहासुद्धा तिथे मागितला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आता अंथरूणही तिकडेच घालू का?"

दुखतं कुठे, हे सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडायची. त्या जागेला मराठीत दोनच प्रकारचे शब्द आहेत. एक शिवी देताना वापरायचे, दुसरे पोथीत वाचायचे. डॉक्टरपुढे दोन्ही जमेनात. म्हणून मी म्हणालो, "कंबर." एका शब्दाची लाज वाचवली आणि पुढचे कित्येक महिने कंबरेचा इलाज करून घेतला. कंबरेचे फोटो निघाले, कंबरेला शेक झाला, कंबरेला पट्टा आला. पट्टा बांधून मी दुकानात उभा राहायचो तेव्हा गिऱ्हाइकांना वाटायचं, शेटने वेटलिफ्टिंग सुरू केलं. कंबर बिचारी ठणठणीत होती. तिचे इतके लाड आयुष्यात कधी झाले नव्हते.

मित्रांचा प्रकार वेगळाच. संध्याकाळी फोन आला, "काय, बसायचं का?" मी खरं ते सांगितलं, "मला बसता येत नाही रे." पलीकडून मग हळू आवाजात, "डॉक्टरने बंद केली का?" मी म्हटलं, तसं नाही, पण तोवर त्याने बाकीच्यांना सांगितलं होतं. त्या रात्री ते सगळे माझ्या दुःखात बसले, मला सोडून.

शिवाय मी स्वतः डॉक्टर झालो. फोनवर व्हिडिओ पाहिला: खालचे स्नायू आवळा, धरून ठेवा, सोडा. कुणालाही न कळता कुठेही करता येतो असा व्यायाम! मी गल्ल्यामागे उभा राहून, वायर मोजत मोजत, आवळत सुटलो. एक गिऱ्हाईक म्हणालं, "शेट, भाव ऐकून तोंड मी वाकडं करायचं, तुम्ही का करताय?" दुखणं दुप्पट झालं. पुढे कळलं की माझे तिथले स्नायू आधीच आवळून बसलेत, मला शिकायचंय ते सोडायला. म्हणजे आटे जायला आलेला स्क्रू मी आणखी पिळत होतो.

आणि अशा अवस्थेत मुलीचं लग्न ठरलं.

मुलगा चिरनेरचा, तिनेच पसंत केलेला, शेतीवाडीच्या घरातला. आम्हीही मूळचे तिकडच्याच मिठागरांकडचे. वडील पनवेलला आले आणि आमच्या बोलण्यातल्या 'नाय'चं 'नाही' झालं, एवढाच फरक. बैठक त्यांच्याकडे होती. तारीख धरायची, मांडव कुठे, जेवण कुणाचं, एवढंच ठरायचं होतं. गाडीत मी पुढच्या सीटवर गुडघे रोवून, अर्धा उभा, टपाला डोकं टेकवून निघालो. बंदराकडच्या, कंटेनरांच्या त्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला माझं डोकं टपावर आपटत होतं. मागून धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तुला सीटचा उपयोग नाही तर मला दे की."

माझ्या धाकट्या भावाचं हे असं आहे. लहानपणापासून माझ्या रिकाम्या जागेवर त्याचा डोळा.

ओटीवर गाद्या घातलेल्या, वर पांढऱ्या चादरी. भिंतीला टेकून त्यांची मंडळी बसलेली. मुलाचे वडील उठून आले. "या शेट, बसा."

"हो हो, बसतो," म्हणून मी उभा राहिलो.

"बसा ना, उभे का?"

"जरा पाय मोकळे करतो. गाडीत आखडले."

चहा आला, उभ्याने प्यायलो. पोहे आले, उभ्याने खाल्ले. माझी सगळी मंडळी मांडी ठोकून बसलेली आणि मध्ये मी, इलेक्ट्रिकच्या खांबासारखा. हळूहळू बोलणं थांबलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्यात बैठकीला मुलीचा बाप उभा राहिला याचा एकच अर्थ होतो: तो निघायच्या तयारीत आहे.

आतल्या दारातून मुलाची आजी बोलली, कुणाकडेही न बघता. "पोरीचा बाप बसत नाय. म्हंजे त्याच्या मनात काय तरी हाय."

मुलाचा काका लगेच सरसावला. "शेट, आमचं काय चुकलं असंल तर तोंडावर बोला. असं उबं राऊन नका दाखवू."

बायको डोळ्यांनी मला खाली ओढत होती. मी बसलो. मांडी घालून, गादीवर. इस्त्री नव्हे, अख्खी भट्टी होती. त्याच क्षणाला काका म्हणाला, "मांडव आमच्या अंगणात. चालंल ना?" आणि माझं तोंड वेडंवाकडं झालं.

"बगा, तोंड कसं केलान!"

"नाही, नाही," मी डोळ्यांतलं पाणी आवरत म्हणालो, "मांडव... मान्य. सगळं मान्य."

"रडून कशाला मान्य करताव?"

आता आजी दारातून बाहेर आली. माझ्या समोर उकिडवी बसली आणि मला न्याहाळलं. मग सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात विचारलं, "मूळव्याध हाय का रं तुला?"

देव जाणे कुठून सुचलं, मी म्हणालो, "हो."

ओटीवर जो काही सुटकेचा निःश्वास पडला! मूळव्याध हा आपल्याकडे आजार नाही, ओळख आहे. काकाला होती. मुलाच्या वडिलांना होऊन गेली होती. कोपऱ्यातले एक पाहुणे सरकत सरकत माझ्याजवळ आले आणि कानात आपली हकिगत सांगायला लागले. माझ्या भावाने तर आपल्या घराण्यातच आहे म्हणून ठोकून दिलं. तारीख धरली गेली, वैशाखातली. निघताना गाडीत एक पोतं चढलं. सुरण. मूळव्याधीवर सुरणाइतकं दुसरं औषध नाही, घरचा आहे, संपला की अजून पाठवतो. मला सुरण बघवतसुद्धा नाही. घशात खवखवतो.

निरोप देताना आजी म्हणाली, "तवर बरा हो. कन्यादानाला बसाया लागंल हां. आमची धवलारीण गायला बसली की लवकर नाय उठत."

धवलारीण म्हणजे आमच्या लग्नांत विधीची गाणी म्हणणारी बाई. भटजींना घाई असते, तिला नसते. तिचं गाणं चालू आहे तोवर आईबापांनी पाटावरून हलायचं नाही.

परतीच्या वाटेवर सगळे खुशीत होते. मी पुन्हा टपाला डोकं लावून. भाऊ प्रेमाने म्हणाला, "दादा, तू कशाला टेन्शन घेतोस? मी आहे ना. कन्यादानाला मी बसतो. मी आणि ही. मुलीच्या काकाने केलं तरी चालतं."

प्रेमाने म्हणाला, तेच जास्त लागलं. मुलगी माझी. तिच्या जन्माआधी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून राहिलो तो मी. तिच्या परीक्षांना शाळेच्या कट्ट्यावर बसलो तो मी. एवढं सगळं बसून झाल्यावर शेवटचं बसणं या गृहस्थाला द्यायचं? मला वैशाखात माझ्या मुलीचा हात पाटावर बसून द्यायचा होता. बाकी आयुष्य उभ्याने काढायला माझी ना नव्हती.

सुरणाची भाजी, सुरणाचे काप, सुरणाचं भरीत. पोतं अर्धं झालं तेव्हा मुलीने मला धरलं. "पप्पा, तुम्हाला मूळव्याध नाहीये ना?" नाही म्हणालो. "कंबरही नाही ना?" नाही. तिने शोधून काढलं की जवळच, खांदा कॉलनीत, फक्त दुखण्यांचाच दवाखाना आहे. जिथे दुखणं हाच आजार समजतात.

डॉक्टर निघाली माझ्या मुलीच्या वयाची.

"काका, नेमकं कुठे दुखतं?"

"कंबरेच्या... खाली."

"किती खाली?"

"तळमजल्याला म्हणा."

"तळमजला की पार्किंग?" ती पनवेलचीच असणार. मग तिने वही मिटल्यासारखे हात मिटले आणि शांतपणे विचारलं, "सायकलची सीट जिथे लागते, तिथे?"

बस. एवढंच म्हणायचं होतं. सायकलची सीट जिथे लागते तिथे! चौथीतल्या पोराला सुचलं असतं. या एका वाक्यासाठी मी कंबरेला पट्टा बांधून हिंडलो होतो. मला त्या क्षणी आनंदापेक्षा संताप आला, आणि त्याला दुसरं गिऱ्हाईक नसल्यामुळे तो स्वतःवरच काढला.

तिने तपासलं, नस कुठून कशी जाते ते चित्र काढून दाखवलं. या नसेचं जे लॅटिन नाव आहे त्याचा अर्थच लाज, असंही म्हणाली. म्हटलं, ते मला सांगायला नको होतं. मग गोळ्या झाल्या. गोळ्यांनी अशी गुंगी यायची की एकाने बेल मागितली तर मी त्याला एक्झॉस्ट फॅन बांधून दिला. स्नायू सैल सोडायचे व्यायाम झाले, ते अजून करतो. थोडा फरक पडला, पण पाटापर्यंत पोचेल असा नाही. तेव्हा ती म्हणाली, पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सीचा विचार करता येईल.

"रेडिओ बसवणार आत?" बायकोने विचारलं.

"नाही हो काकू. पडद्यावर बघत बघत एक सुई त्या नसेच्या अगदी जवळ न्यायची आणि टोकातून करंट सोडायचा. सतत नाही, थांबत थांबत. मध्ये गॅप असल्याने नस तापून जळत नाही. चुकीचे सिग्नल पाठवायची तिची सवय कमी व्हावी, हा हेतू."

बायकोला पटलं. मला नाही. बाकी कुठलाही माणूस हे ऐकून मान हलवेल, पण मी वायरी विकतो. सगळी हयात मी गिऱ्हाइकांना बजावत आलो, मेन बंद केल्याशिवाय वायरीला हात लावू नका. आणि ही मुलगी म्हणत होती की चालू लाइनवर, आणि तीही असल्या गल्लीतली, बाहेरून करंट सोडू.

"आणि गॅरंटी?" मी विचारलं. तोंडातून गेलं आणि जीभ चावली. दुकानात हा प्रश्न मला रोज विचारतात. स्वस्तातल्या मालाला माझं ठरलेलं उत्तर आहे: "चले तो चाँद तक, नहीं तो शाम तक." गिऱ्हाईक हसतं आणि घेऊन जातं.

ती हसली नाही. "गॅरंटी नाही, काका. काहींना बरेच महिने आराम पडतो. काहींना थोडा. काहींना काहीच नाही. यावर मोठे, पक्के अभ्यास अजून कमी आहेत. नंतर काही दिवस दुखणं वाढूही शकतं. आणि त्याआधी आपल्याला नक्की करायला हवं की दुखतेय ती हीच नस. त्यासाठी आधी बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघू."

म्हणजे चाँद तक, नहीं तो शाम तक. फक्त प्रामाणिकपणे सांगितलेलं. मी काउंटरच्या या बाजूला पहिल्यांदाच उभा होतो आणि मला माझ्या गिऱ्हाइकांची दया आली.

इंजेक्शनच्या दिवशी मला पालथं झोपवून सुई टोचली. निघताना डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, "काही तास तिथे बधिर राहील. या वेळात बसा. खुर्चीवर, जमिनीवर, जिथे दुखतं तिथे मुद्दाम बसा. आणि मला सांगा."

आता इथे आमच्या घरची रीत आडवी आली. सुई टोचलेला माणूस आमच्याकडे आडवा केला जातो. त्यावर चर्चा नसते. दारातून आत आलो तर अंथरूण तयार, चादर तयार, पेज तयार. शेजारची वहिनी येऊन "पडू द्या हो त्यांना" म्हणून गेली. भावाचा फोन, "दादा, पडून राहा." मला डॉक्टरचं बोलणं आठवत होतं, नाही असं नाही. पण खरं सांगू? पेज गरम होती, पंखा माझ्याच दुकानातला भारीतला होता आणि पुष्कळ महिन्यांनी शरीरात कुठेच काही बोंबलत नव्हतं. म्हटलं, पाच मिनिटं पडतो, मग बसतो.

दिवेलागणीला उठलो. चहाला बसलो. इस्त्री हजर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा फोन. "काका, बसून बघितलंत?"

"झोपलो होतो."

"सगळा वेळ?"

"सगळा."

"झोपल्यावर तुम्हाला तसंही दुखत नाही ना?"

"नाही."

"मग आपल्याला कळलं काय?"

"मला झोप चांगली लागते, एवढं."

पुन्हा थांबणं आलं. लगेच दुसरी सुई देता येत नाही. मध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. वैशाख मात्र कुणासाठी थांबत नाही. मी चिडलो, बायकोवर, पेजेवर, पंख्याच्या कंपनीवर. बायको म्हणाली, "मला काय माहीत? तुम्ही सांगितलंत का, की मला बसवा म्हणून?" बरोबर होतं. ज्या माणसाने डॉक्टरला कुठे दुखतं ते सांगितलं नाही, तो बायकोला काय सांगणार?

दुसरं इंजेक्शन होळीच्या सुमारास मिळालं. या वेळी बायको पहारेकऱ्यासारखी बरोबर. दवाखान्यातून निघाल्यापासून मी बसत सुटलो. रिक्षात ऐसपैस बसलो, खड्ड्यांतून, डोकं टपापासून लांब. एसटी स्टँडवर गेलो आणि कुठेही जायचं नसताना बाकड्यावर बसलो. तिथल्या लोखंडी बाकड्याइतकं मऊ काही मी आजवर अनुभवलेलं नाही. एका आजीबाईंनी विचारलं, "कुठची गाडी?" म्हटलं, "कुठची नाही, नुसता बसलोय." त्या पर्स जवळ ओढून दुसऱ्या बाकावर गेल्या. मग दुकानात, वडिलांच्या खुर्चीवर. दोन गोल गोल फेऱ्या मारल्या.

घरी मुलीने दोन पाट मांडून ठेवले होते. शेजारी शेजारी, लग्नातल्यासारखे. मी आणि बायको बसलो. ती समोर येऊन बसली आणि गंमत म्हणून हात पुढे केला. भाऊ तेवढ्यात आलाच होता, तो म्हणाला, "मी धवलारीण होऊ का?" आणि भसाड्या आवाजात काहीबाही गायला लागला. मी मांडी घालून बसलो होतो, मुलीचा हात माझ्या हातात होता आणि खालून काहीही येत नव्हतं. थोड्या वेळाने खालून हलकीशी ऊब लागली. मग चटका. औषध उतरलं. मी हात सोडला नाही, पण माझं तोंड बघून मुलीनेच काढून घेतला.

म्हणजे नस हीच. डॉक्टर खूश. आता निर्णय माझा. आत्ता करून घ्यायचं, तर फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि त्याआधी दुखणं भडकलं तर ऐन हळदीत भडकेल. लग्नानंतर करायचं, तर मग कशासाठी करायचं? आठवडाभर मी घरातल्या प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकाने उत्तर दिल्यावर त्याच्यावर खेकसलो. डॉक्टरला विचारलं, "तुमचे वडील असते तर?" ती म्हणाली, "माझे वडील माझं ऐकत नाहीत, काका." व्याह्यांचा फोन आला, सुरण संपला का विचारायला. त्यांना खरं सांगायचं ठरवलं. "सायकलची सीट जिथे लागते ना..." एवढंच म्हणालो, तर ते म्हणाले, "म्हंजे मूळव्याधच की." मी म्हटलं, हो.

शेवटी येत्या गुरुवारची वेळ घेतली. शाम तक चालली तर चालली. काही न करता हरण्यापेक्षा करून हरलेलं बरं, असा काही थोर विचार नव्हता. वैशाखात भावाला पाटावर बसलेला बघत मांडवाच्या खांबाला टेकून उभं राहायचं, हे चित्र मला झोपू देत नव्हतं, आणि माझं झोपणं किती भक्कम आहे ते आता सगळ्यांना माहीत आहे.

काल बायकोने लग्नाचे कपडे आणले. दोन सारखी रेशमी उपरणी. दुसरं कुणाचं म्हणून विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "भावोजींचं. असू दे घरात."

मी भडकलो. बराच वेळ भडकलो, उभ्यानेच. मग दुकानात आलो. एक गिऱ्हाईक इन्व्हर्टर बघत होतं. "शेट, आमच्याकडे लाइट जात नाही हल्ली. घेऊ कशाला?"

मी त्याला समजावलं. मन लावून समजावलं, की गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा घरात असलेला बरा, एका कोपऱ्यात पडून राहतो, खातपीत नाही. त्याने घेतला. बिल करता करता लक्षात आलं की माझा भाऊ खातोपितो, आणि गातोही.

"गॅरंटी किती?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "इन्व्हर्टरची आहे."